विसोकावरची इर्जिक

त्या गुरुवारी ओब्रेनच्या आवारात एवढं होतं : एक दुभती गाय, एक गाभण डुकरीण, सात कोंबड्या आणि त्यांतली एक लंगडी, मक्याच्या कणसांनी निम्मं भरलेलं कुडाचं कोठार, राकियाची म्हणजे आलुबुखारच्या दारूची दोन पिंपं आणि त्यांतलं एक रिकामं, मागचं डावं चाक नवं असलेली एक गाडी, आणि लाकडं ओढायची एक घसरगाडी. बैलांची जोडीही होती, पण ती आवारात नव्हती. झेकोन्या आणि शारोन्या ओढ्यापलीकडच्या दाट रानात एका घळीत बांधलेले होते आणि त्यांच्या तोंडाला वैरणीच्या पिशव्या होत्या, म्हणजे ते हंबरणार नाहीत.

घरात माणसं सहा. म्हातारा ओब्रेन, त्याची बायको क्रूनिया, दोन सुना आणि दोन नाती. ओब्रेनचे मुलगे तीन. थोरला दोन वर्षांपूर्वी तुर्कांबरोबरच्या लढाईत पडला. मधला गेल्या साली बल्गारांच्या लढाईत कॉलऱ्याने गेला. त्याची बायको रोसांदा, नाती तिच्या. धाकटा रादोयित्सा ऑगस्टपासून फौजेत होता, आणि आज दुपारपासून, गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं त्याप्रमाणे, विसोकावर होता.

विसोका म्हणजे आमच्या यासेनिक गावाच्या डोक्यावरचा डोंगर. महिनाभर आपली फौज मागे मागे येत होती. तोफांना गोळे नव्हते, माणसांना वहाणा नव्हत्या. गावातून सैनिक जायचे तेव्हा बायका कुंपणाशी उभ्या राहून पाव द्यायच्या आणि खाली बघायच्या. मग गुरुवारी पहाटे फौज उलटी फिरली. ज्या वाटेने उतरली होती त्याच वाटेने चढली, आणि दुपारच्या आत विसोका परत घेतला. चार तोफाही दोर लावून वर नेल्या. बहुतेक गोळे मात्र खाली राहिले.

ते चर्चसमोरच्या फरशीवर होते. क्रागुयेवात्सच्या डेपोतून फौजेच्या गाड्यांनी आणलेल्या एकशे वीस पेट्या, पेटीत चार गोळे, पेटीचं वजन चाळीस किलोच्या आसपास. गाड्यांच्या बैलांना वाटेत वैरण मिळाली नव्हती. दोन बैल जुवाखालीच बसले ते उठले नाहीत. बाकीचे उभे होते, पण त्यांच्या बरगड्यांकडे पाहून कोणी त्यांना पुढे हाकललं नसतं. आणि चर्चपासून विसोकाच्या माथ्यापर्यंत तीन किलोमीटरची लाल चिकणमातीची चढण होती.

हवालदार जिवोता ढोलवाल्याला घेऊन घरोघर फिरला. उंच, घसा बसलेला माणूस. बोलायचा तेव्हा मान पुढे काढायचा.

"गाडी आणि जोडी. उद्या उजाडता चर्चपाशी. दिवसाला दोन दिनार. पावती मिळेल."

"बैल कुठले आता, हवालदारसाहेब," क्रूनिया म्हणाली. "तुर्कांच्या लढाईला नेलेत की आमची जोडी. परत काय आलं? जू आलं. ते बघा, भिंतीला टांगलंय."

हवालदाराने बुटाच्या टोकाने जमिनीवरचं शेण दाखवलं. "आणि हे?"

"गाईचं."

"एकट्या गाईचं?"

"खाते चांगलं."

ओब्रेन उंबऱ्यात बसून फाळाला दगड घाशीत होता. त्याने मान वर केली नाही. "उद्या वाव्हेदेन्ये आहे. देवाच्या आईला लहानपणी देवळात नेलं तो दिवस. त्या दिवशी आमच्या गावात जनावराच्या मानेवर जू ठेवत नाहीत. मजुरी घेऊन तर नाहीच."

"मग श्वाबांना निरोप धाडू का, उद्या सण आहे म्हणून?" ऑस्ट्रियाच्या बादशहाचं सगळं सैन्य आमच्याकडे श्वाब. त्यात कोण कुठला हे कोणी विचारत नाही.

"त्यांचं तुम्ही बघा. माझ्या बैलांचं मी बघतो."

"म्हणजे बैल आहेत."

ओब्रेनने दगड थांबवला. "होते तेव्हाचं बोलतोय."

हवालदाराने ओढ्यापलीकडच्या रानाकडे पाहिलं. त्याच्याजवळ माणसं सहा, त्यांतल्या चौघांच्या पायांना चिंध्या. एवढ्या माणसांनिशी रान धुंडाळता येत नाही, हे त्याला कळत होतं आणि ओब्रेनलाही. तो पुढच्या घरी गेला. सगळ्या गावात त्याला मिळून एक आंधळं गाढव सापडलं.

संध्याकाळी वितोमिर आला, रादोयित्साचा चुलतभाऊ. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. तो चुलीपाशी बसला आणि रोसांदाने बांधलेल्या फडक्यावरून रक्त पसरताना बघत राहिला.

"रादोयित्सा?" स्तामेन्काने विचारलं. ती रादोयित्साची बायको. आडव्या हाडाची बाई, बत्तीस वर्षांची. बोलताना हातातलं काम थांबवत नसे. आत्ता ती घेवडा निवडत होती.

"आहे. हातपाय जागच्या जागी. वहाणांचे तळ गेलेत, पायाला पोतं गुंडाळलंय. तुला निरोप दिलाय."

"काय?"

"डुकरीण विकू नको."

क्रूनिया हसली. स्तामेन्का हसली नाही. "आणि डोंगर? राहील?"

वितोमिरने हातावरचं फडकं घट्ट केलं. मग म्हणाला, "आज घेतला. श्वाब पलीकडच्या दरीत जमतायत, त्यांच्या चुलींचा धूर दिसतो. उद्याचा दिवस ते माणसं गोळा करण्यात घालवतील. परवा सकाळी येतील. आपल्या तोफांना तोफेमागे अकरा गोळे आहेत, वहिनी. अकरा गोळे म्हणजे तंबाखू ओढेपर्यंत. त्यानंतर आम्ही आणि दगड."

"दगड आहेत का पुरेसे?" ओब्रेनने विचारलं.

"दगड भरपूर."

 स्तामेन्काने निवडलेला घेवडा मडक्यात ओतला आणि हात स्कर्टला पुसले.

"मामंजी, सणाच्या दिवशी इर्जिकीला जू चालतं ना?"

"इर्जिकीला चालतं. स्वतःच्या शेतात नाही, मजुरीवर नाही. दुसऱ्याच्या अडीला चालतं, फुकट, जेवणावर. माझ्या बापाने वाव्हेदेन्येलाच विधवेचं शेत नांगरून दिलं होतं."

"मग चर्चपुढे पडलंय ती अड नाही का?"

"ती फौजेची अड."

"फौज म्हणजे कोण? वर पायाला पोतं बांधून बसलाय तोच ना?"

"सूनबाई, इर्जिक मागायला यजमान लागतो. दारात येऊन टोपी काढणारा, जेवू घालणारा. फौजेला ना दार, ना चूल. ढोल वाजवून कोणी इर्जिक मागतं का?"

"यजमान आणला तर?"

ओब्रेनने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांपुढे भिंतीवरचं जू होतं. त्या जुवाखालची जोडी त्याने वासरांपासून वाढवली होती. "आण," तो शेवटी म्हणाला. तिला कोणी मिळणार नाही अशी त्याची खात्री होती.

कप्तान स्वेतोलिक पाद्रीबाबांच्या खोलीत परातीतल्या गरम पाण्यात पाय बुडवून बसला होता. स्तामेन्का आत आल्यावर तो पाय लपवायला गेला आणि पाणी सांडलं. चाळिशीचा, किडकिडीत. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथे दोरा. लढाईपूर्वी तो बेलग्राडला पुलांची गणितं करायचा. हवालदार जिवोता दाराशी उभा होता.

"गावाला हुकूम पोचला ना?" कप्तानाने विचारलं.

"पोचला. हुकमाला गावात बैल नाहीत. इर्जिकीला आहेत."

"किती?"

"तुम्ही किती दारांपुढे टोपी काढता त्यावर."

हवालदार खाकरला. "साहेब, दोन दिनार कमी वाटत असतील. तीन म्हणू."

"दिनाराचं नाव काढलंत तर उद्या शेपूटसुद्धा दिसणार नाही," स्तामेन्का म्हणाली. "पैसे म्हणजे मजुरी. मजुरी म्हणजे पाप. तुम्ही आज दिवसभर गावाला पाप करायला सांगत फिरलात आणि वर त्याचा भाव केलात."

 कप्तानाने पाय पुसले आणि ओले बूट चढवायला घेतले. टाचेपाशी बूट अडकला, तेव्हा त्याने दात आवळले. "काय काय म्हणायचं ते सांगा."

"काही नाही म्हणायचं. टोपी हातात. बाटली पुढे. 'माझी अड आहे, या.' एवढंच. घोट त्यांनी घेतला म्हणजे ते येणार."

पहिलं दार येलिसावकाचं. सत्तरीची विधवा, गावातल्या दोन सर्वांत दांडग्या गाई तिच्या. कप्तानाने टोपी काढली, बाटली पुढे केली, सगळं नीट म्हणाला, आणि मग सवयीने शेवटी जोडलं, "सरकार योग्य मोबदला देईल." येलिसावकाने बाटलीकडे जाणारा हात मागे घेतला आणि दार लावलं. आतून अडसर पडल्याचा आवाज आला.

स्तामेन्का गल्लीत उभी होती. "आता त्या दाराशी सगळ्यांत शेवटी जायचं. गाव आधी येतंय म्हटल्यावर तिला घरात बसवणार नाही."

दुसऱ्या दारापासून त्याने मोबदल्याचा शब्द गिळला. तिसऱ्या दाराशी त्याला आवाज सापडला. पाऊस भुरभुरत होता आणि टोपी हातात असल्यामुळे त्याचे विरळ केस कपाळाला चिकटले होते. हवालदार मागे कंदील धरून चालला होता आणि कोणी पाहत नाहीसं बघून स्वतःचीही टोपी काढत होता.

ओब्रेनने बाटली घेतली नाही. त्याने कप्तानाला आत बसवलं. आमच्याकडे पाहुणा उभा ठेवत नाहीत, मग त्याला नकार द्यायचा असला तरी.

"साहेब, शिकलेले आहात म्हणून विचारतो. हे सगळं डुकरांपासून सुरू झालं की नाही?"

"मामंजी, आता पुन्हा नको," रोसांदा म्हणाली.

"मला बोलू दे. आठ वर्षांपूर्वी डुकरं हाकत सावा नदीपर्यंत गेलो. गावाची मिळून एकशे चाळीस. पलीकडे बादशहाच्या अधिकाऱ्याने फाटक लावलं. म्हणे सर्बियाची डुकरं रोगट. एक डुक्कर शिंकत नव्हतं. पाच दिवस नदीकाठी बसलो, मग परत हाकत आणली. निम्मी वाटेत वाळून गेली. तेव्हाच मी म्हणालो, हे भांडण डुकरावर थांबायचं नाही."

"डुकरांच्या आधी तोफा होत्या, चिचा," कप्तान म्हणाला. चिचा म्हणजे आमच्याकडे काका. "आपल्याला तोफा घ्यायच्या होत्या. बादशहा म्हणाला, माझ्या कारखान्याच्या घ्या. आपण फ्रेंचांच्या घेतल्या. म्हणून त्याने फाटक लावलं."

ओब्रेन हे प्रथमच ऐकत होता. "कुठल्या तोफा?"

"त्याच. विसोकावर आहेत त्या."

म्हाताऱ्याने चुलीत एक लाकूड सारलं. आठ वर्षांचा राग एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवायला वेळ लागतो. "आणि गोळे?"

"फ्रान्सचेच. जहाजाने सालोनिकाला, तिथून रेल्वेने."

"फाटक लागल्यावर पुढच्या वर्षी आपली डुकरंही सालोनिकालाच गेली, जहाजावर चढायला."

"हो. तीच वाट. उलट्या बाजूने."

"आणि बोस्निया गिळला, त्यानंतर त्या पोराने सारायेवोला बादशहाच्या पुतण्याला गोळी घातली, ते मला माहीत आहे. पण बाकीचे कशाला धावले?"

कप्तान बोटांवर मोजू लागला. बादशहा आपल्यावर आला म्हणून रशियाचा झार उठला. झार उठला म्हणून जर्मनीचा कैसर. कैसर फ्रान्सवर गेला, तो बेल्जियमच्या शेतातून गेला, म्हणून इंग्रज. इंग्रजांनी हिंदुस्थानातून पलटणी आणून फ्रान्सच्या चिखलात उभ्या केल्यात. जपानने चीनमधलं जर्मनांचं बंदर घेतलं. तुर्क कैसरच्या बाजूला. आफ्रिकेतही चालू आहे.

"जपान्यांचं डुकरांशी काय?"

"काही नाही."

"मग?"

"चिचा, दोन घरांची मारामारी लागली की तिसरा रात्रीत आपलं कुंपण शेजाऱ्याच्या शेतात सरकवतो. प्रत्येकाकडे सरकवायला एक कुंपण होतं. फाटकाची वाट बघत होते सगळे."

हे ओब्रेनला पटलं. कुंपणावरून त्याने स्वतः दोन खटले चालवले होते. पण बाटली अजून तशीच होती.

"एक राहिलं. इर्जिकीचा यजमान म्हणजे घर असलेला माणूस. तुमचं घर कुठं?"

"बेलग्राडला. नदीच्या बाजूला, दुमजली. अंगणात अक्रोड आहे." कप्तानाने टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. "परवापासून त्यात श्वाब राहतायत."

चुलीतलं लाकूड कलंडलं. क्रूनियाने ते सरळ केलं. बायकोमुलं कुठे आहेत असं कोणीतरी विचारायला हवं होतं, आणि कोणी विचारलं नाही.

"मग विसोका तुमचं शेत धरू," स्तामेन्का म्हणाली. "घराचं नंतर बघता येईल."

ओब्रेनने बाटली घेतली, क्रॉस केला आणि मोठा घोट घेतला. मग तोंड पुसून विचारलं, "जेवायला काय घालणार, यजमान?"

हवालदार दारातून उत्साहाने म्हणाला, "त्याची काळजीच नको. चर्चपाशी दोन बैल पडलेत. मांस भरपूर."

सगळ्या घराने त्याच्याकडे पाहिलं. नाताळचा उपास सुरू होऊन आठवडा झाला होता, त्यात उद्या शुक्रवार.

"तुझी आई आहे का रे?" क्रूनियाने विचारलं.

"आहे, काकू."

"तिला सांगणार नाही मी. घेवडा माझ्याकडे आहे. यजमानाला उसना देते. परत करायचा हं, बेलग्राडहून. पांढराच द्यायचा."

"पांढराच देईन," कप्तान म्हणाला.

उजाडलं तेव्हा चर्चसमोर वीस बैल आणि दहा गाई उभ्या होत्या. येलिसावकाच्या दोन्ही होत्या. त्यांच्या श्वासाची वाफ पेट्यांवर पसरत होती. हवालदाराने एकदा मोजलं, पुन्हा मोजलं.

"काल या गावात एक गाय होती."

"रात्रीत व्याली," क्रूनिया म्हणाली.

गाड्यांचा उपयोग नव्हता. लाल मातीत चाक रुतलं की आऱ्यांत माती भरते, मग ते चाक राहत नाही, ओंडका होतो. घसरगाडीचं तसं नाही. तिला चाकंच नाहीत, खालच्या दोन लांब लाकडी पट्ट्या, म्हणजे धावा, वजन पसरून घेतात. गावाकडे अशा पाच निघाल्या. प्रत्येकीवर बारा पेट्या, पुढे तीन जोड्या एकामागे एक, जुवापासून जुवापर्यंत साखळी. पुढे जाणती बैलजोडी, मध्ये गाई, मागे पुन्हा बैल. गाई जुवाला नवख्या. पहिल्यांदा मानेवर वजन आलं तेव्हा येलिसावकाची तांबडी गाय मागे वळून बघू लागली, जणू कोणी तिचं नाव चुकीचं घेतलं होतं.

पहिल्या घसरगाडीच्या पुढे ओब्रेन. तो झेकोन्या आणि शारोन्याकडे तोंड करून उलटा चालत होता, हातात काठी, पण ती तो उचलत नव्हता, नुसता बोलत होता. "चल रे राजा. माझ्याकडे बघ. खाली नको बघू, खाली काही नाही बघण्यासारखं." दोन्ही बाजूंना बायका, हातात खुंट. जनावरं दम घ्यायला थांबली की धावांमागे खुंट रोवायचा, नाहीतर गाडी मागे येते. पोरं पुढे फांद्या टाकत होती.

चर्चपासून निघाल्यावर शंभर पावलांतच सगळ्यांचे घोटे लाल झाले. ओढा ओलांडताना पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं. रोसांदाची वहाण चिखलात राहिली. तिने हात घालून शोधली, सापडली नाही, ती तशीच निघाली. मग कोणीतरी गाणं सुरू केलं. इर्जिकीला गाणं लागतंच, आणि त्यात यजमानाची खोडी काढावीच लागते.

*यजमान आमचा दोऱ्याचा, चष्मा बांधून चढतो,*
*घरात नाही चमचा, गावाला जेवण वाढतो.*

कप्तान दुसऱ्या घसरगाडीमागे खुंट घेऊन चालला होता. तो दम खात म्हणाला, "चमचे आहेत. सहा आहेत. श्वाब वापरतायत."

"मग धुऊन घ्यावे लागतील," येलिसावका म्हणाली. पाचही गाड्यांबरोबरच्या बायका हसल्या. हसण्याने गाई बुजल्या नाहीत.

निम्म्या चढणीवर लाल वळण आहे. तिथे वाट एका बाजूला दरीकडे कलते आणि मातीखालून झरा वाहतो. पहिली गाडी वळणात आली, तेव्हा गाईंच्या आणि मागच्या बैलांच्या मधली साखळी तुटली. आवाज फार मोठा झाला नाही. पुढच्या दोन जोड्या एकदम मोकळ्या होऊन पुढे पडल्या, झेकोन्या गुडघ्यांवर आला. सगळं वजन मागच्या एकट्या जोडीवर पडलं आणि गाडी मागे सरकू लागली.

रोसांदाने खुंट टाकला. तो चिखलात निघून गेला. स्तामेन्का खाली वाकली आणि तिने खांदा धावेच्या टोकाला लावला. तिच्या पायांखालची माती सरकत होती. तिला एवढंच दिसत होतं : पेटीची एक कड, त्यावर परक्या अक्षरांचा काळा शिक्का, आणि तो शिक्का जवळ येत होता. मग तिच्या शेजारी आणखी एक खांदा आला. तो कप्तानाचा होता. त्याचा चष्मा दोऱ्यावरून गळून छातीवर लोंबत होता. त्याच्यामागे हवालदार आला. त्याच्यामागे येलिसावका आली आणि आपली पाठ लावून बसली, कारण खांदा लावण्याइतकं तिला वाकता येत नव्हतं.

गाडी थांबली.

"कोणी हलू नका," ओब्रेन म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. त्याने झेकोन्याचा गुडघा पाहिला. कातडी सोललेली, रक्त येत होतं, पण हाड शाबूत होतं. त्याने कमरेचा जाड लोकरी पट्टा सोडला, दुहेरी केला आणि तुटलेल्या साखळीच्या दोन कड्यांतून ओवून त्याची गाठ मारली. मग तो झेकोन्याच्या कानाशी बसला. काय बोलला ते कोणाला ऐकू आलं नाही. बैल आधी एका पायावर उठला, मग दोन्ही. पट्टा ताणला, त्यातून पाणी पिळून निघालं, आणि घसरगाडी पुढे गेली.

स्तामेन्काला सरळ व्हायला थोडा वेळ लागला. तिच्या खांद्यावरचं कापड फाटलं होतं आणि खाली चार बोटं रुंदीचा लाल पट्टा उमटला होता.

माथ्याखाली बर्फ लागला. तिथून पुढे खडक, घसरगाडी जात नाही. शेवटच्या चढावर पेट्या माणसांनी नेल्या. बायका दोघी दोघी मिळून पेटी धरत होत्या. वरून सैनिक उतरून आले. दाढ्या वाढलेले, अंगावर घरचेच मेंढीच्या कातड्याचे कोट, डोक्यावर तेवढी फौजेची टोपी. ते बायकांच्या हातून पेट्या घेत होते. एकाने पेटी घेण्याआधी येलिसावकाच्या हाताचं चुंबन घेतलं. तिने तो स्कर्टला पुसला.

रादोयित्सा पोत्यात गुंडाळलेल्या पायांनी आला. तो स्तामेन्कासमोर उभा राहिला आणि आधी तिच्या खांद्याकडे बघू लागला.

"पडलीस?"

"नाही. उभीच होते."

"डुकरीण?"

"आहे. महिन्याभरात विईल."

तिने शालीतून वहाणांची जोडी काढली, ओब्रेनची, नवे तळ लावलेली. रादोयित्सा बर्फात बसला. तिने पोतं सोडलं. अंगठे काळे पडले होते, पण दाबल्यावर त्याने पाय मागे घेतला. म्हणजे जीव होता. तिने वाद्या पोटरीवर गुंडाळून घट्ट बांधल्या.

"दुसरी खेप आहे," ती म्हणाली. "जाते."

दुपारी चर्चसमोर जेवण झालं. यजमान इर्जिकीला बसत नाही. कप्तान उघड्या डोक्याने, हातात पळी घेऊन, रांगेतून फिरला. प्रत्येकाच्या वाडग्यात घेवडा, वर कांदा, बाजूला मक्याची भाकरी. त्याच्या हाताला फोड आले होते, त्यामुळे पळी वाकडी पडत होती.

"यजमान, मीठ कमी आहे," येलिसावका म्हणाली.

"माफ करा, काकू. पुढच्या वेळी बघतो."

"पुढच्या वेळी खाली उतरताना बोलवा. चढाला मी आता येत नाही." तिने वाडगा पुन्हा पुढे केला.

जनावरांना ओब्रेनने कोठारातली कणसं घातली, सगळ्यांच्या जनावरांना, आपली-परकी न बघता. नंतर दुसरी खेप निघाली. दिवे लागायच्या आधी चर्चसमोरची फरशी रिकामी होती. वर प्रत्येक तोफेमागे एकशे एकतीस गोळे झाले.

शनिवारी पहाटे दाट धुकं होतं. श्वाब धुक्यातूनच आले. गावात कोणी घरात राहिलं नाही, सगळे कुंपणांशी उभे होते. पहिली तोफ झाली, मग दुसरी, आणि मग लोकांनी तंबाखू ओढायला लागतो तेवढा वेळ वाट पाहिली. त्या वेळेनंतरही तोफा चालूच राहिल्या. त्या इतक्या शांतपणे, एकामागून एक, चालू राहिल्या की क्रूनियाने बाहेरची खुर्ची आणवली आणि बसली. ओब्रेन उभाच होता. कमरेला पट्टा नसल्याने एका हाताने विजार धरून तो प्रत्येक आवाजाला मान हलवत होता, सौदा पटल्यासारखी.

"कोणाच्या तोफा?" क्रूनियाने विचारलं. वितोमिर हाताची झोळी सावरत म्हणाला, "ऐका. सगळ्या आपल्याच आहेत."

दहाच्या सुमारास धुकं उठलं. विसोकाच्या कड्यावरून माणसं पलीकडे धावत उतरताना दिसली, आपली माणसं, कोट फडफडत. मग डोंगरापलीकडून ओरडणं ऐकू आलं, एका माणसाचं नव्हे, हजारेक माणसांचं, आणि ते दूर दूर जात राहिलं. गावातल्या घंटेला दोरी नव्हती, ती फौजेने नेली होती. पाद्रीबाबा वर चढले आणि त्यांनी हातोडीने घंटा वाजवली.

दुपारी लाल वाटेने कैदी उतरले. निळसर कोट, चांगले बूट, आणि प्रत्येक बूट घोट्यापर्यंत लाल. बहुतेक चेक पोरं, आपल्यासारखीच भाषा, जरा चावून बोलल्यासारखी. लाल वळणावर ती एकमेकांचे हात धरून उतरत होती. त्यांच्यामागे रादोयित्सा होता, खांद्यावर दोन बंदुका. तो आवारापाशी थांबला, पाणी प्यायला, डुकरिणीच्या गोठ्यात डोकावला आणि पुढे गेला. स्तामेन्का कुंपणाला धरून त्याच्या वहाणा दिसेनाशा होईपर्यंत उभी राहिली. मग तिने हवालदाराला हाक मारून विचारलं, कैद्यांना आज काय घालणार, आणि त्याने मांस म्हटल्यावर ती प्रथमच मोठ्याने हसली.

रविवारी संध्याकाळी कप्तान स्वेतोलिकने विसोकाच्या माथ्यावर दगडावर नकाशा पसरला आणि दोरा धरून मोजलं. पलीकडच्या दरीत जमलेल्या श्वाबांची सर्वांत जवळची चौकी आता एकवीस किलोमीटरवर होती.